चॉकलेटी, काळा, तांबडा

आमच्या आप्पांना तांबडा आणि चॉकलेटी रंग वेगळे दिसत नाहीत, हे मला कळलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. मी त्यांची सख्खी मुलगी, त्यांच्याच घरात लहानाची मोठी झालेली, आणि तरी मला पत्ता नव्हता.

लहानपणी मी एकदा झाडाचं चित्र काढलं आणि मुद्दाम, बघू या काय म्हणतात म्हणून, खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली. आप्पांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, "सुरेख!" माझ्याकडे यांचं लक्षच नाही, असं वाटून मी दोन दिवस फुगून बसले होते. आईनं तेव्हा मला समजावलं नाही. उलट "त्यांना कामात असताना त्रास देऊ नकोस," असं मलाच सुनावलं.

आप्पा व्हॉल्व्हचे अँप्लिफायर दुरुस्त करायचे. व्हॉल्व्ह म्हणजे ते काचेचे, आतून मंद पेटणारे दिवे. त्यांच्यावर चालणारी जुनी यंत्रं, सभागृहांतली, नाटकवाल्यांची, शौकिनांच्या घरातली, लोक लांबून लांबून त्यांच्याकडे घेऊन यायचे. दुकान एका तीनमजली इमारतीच्या जिन्याखाली होतं. आप्पा ताडमाड उंच, आणि आतल्या बाजूला छत उतरत गेलेलं. तिथे रोज बसूनही त्यांना ते छत आठवायचं नाही. "ठण्" आवाज आला की शेजारचा सायकलवाला बाहेरूनच ओरडायचा, "लागलं का हो?" आणि आप्पा आतून म्हणायचे, "नाही, नमस्कार केला."

एका भिंतीला कामाचं टेबल, त्यावर काट्याचा मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि तापलेल्या धुळीचा वास. समोरच्या भिंतीला पत्र्याचे डबे, शंभरावर, प्रत्येकात एकाच किमतीचे रेझिस्टर. रेझिस्टर म्हणजे विजेचा प्रवाह आवरणारा, करंगळीच्या पेराहून लहान असा तुकडा. त्याची किंमत, म्हणजे तो प्रवाह किती अडवतो ते, आकड्यांत लिहिलेली नसते, अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायची असते. चॉकलेटी, काळा, तांबडा म्हणजे हजार ओहम. चॉकलेटी, काळा, चॉकलेटी म्हणजे शंभर. फरक फक्त तिसऱ्या पट्टीचा. आणि ज्या माणसाला नेमकी ती तिसरी पट्टी दिसत नाही, त्यानं हा धंदा का धरला, हा प्रश्न कुणालाही पडेल.

त्यांना खरं तर रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ व्हायचं होतं. लेखी परीक्षेत पहिले आले. मुलाखतीत साहेबांनी पाठ थोपटली. मग वैद्यकीय तपासणीला डॉक्टरांनी एक पुस्तक उघडून पुढ्यात धरलं. पानभर रंगीत ठिपके, त्यांत दडलेला आकडा वाचायचा.

"वाचा," डॉक्टर म्हणाले.

"काय वाचू? नुसते ठिपके आहेत."

डॉक्टरांनी आणखी पाच पानं उलटली आणि पुस्तक मिटलं. आप्पांना तेव्हा चोविसावं वर्ष होतं, आणि आपल्या डोळ्यांत काही कमी आहे हे त्यांना त्या खोलीत पहिल्यांदा समजलं. घरी येऊन त्यांनी "जागा आधीच भरली होती" असं सांगितलं. त्यांच्या आईवडिलांनी ते शेवटपर्यंत खरं मानलं.

नोकरी गेली तरी हात गप्प बसेनात. त्यांनी जिन्याखालची जागा घेतली. रंग कळत नव्हते, पण मीटर होता, आणि प्रत्येक तुकडा मोजून लावायची चिकाटी होती. जिथे दुसरा दहा मिनिटांत काम उरकायचा, तिथे आप्पांना तास लागायचा. लोक म्हणायचे, माणूस काटेकोर आहे. आप्पा तो समज तसाच राहू द्यायचे.

आई तेव्हा भरतकामाच्या दोऱ्यांच्या दुकानात काम करायची. एक दिवस मालकाचा बंद पडलेला रेडिओ घेऊन ती जिन्याखाली आली. आप्पांचा मीटर त्या दिवशी नेमका बिघडलेला. ते एक रेझिस्टर उजेडाकडे धरून डोळे बारीक करत होते. शेवटी धीर करून म्हणाले, "ही तिसरी पट्टी कुठल्या रंगाची आहे हो? माझा चष्मा घरी राहिलाय."

"डाळिंबी," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तांबडाच, पण जरा बुडाला गडद. गुंजेसारखा नाही, विटेसारखाही नाही."

"बाई, मला दहाच रंग लागतात. तुमच्या दुकानातले चारशे नकोत. तांबडा की चॉकलेटी?"

आईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नाकावर चष्म्याची खूण नव्हती. दोऱ्यांच्या दुकानात तिनं अशी माणसं पाहिली होती, बायकोनं दिलेला हिरव्या दोऱ्याचा तुकडा घेऊन येणारी आणि तपकिरी गुंडी उचलून जाणारी.

"तुम्हाला रंग कळत नाहीत," ती म्हणाली.

"हळू बोला हो!" आप्पा म्हणाले.

त्या वर्षाच्या आतच त्यांचं लग्न झालं.

रंगांचं कुणाला सांगायचं नाही, एवढी एकच अट आप्पांनी घातली. दुकानाचं नाव होऊ लागलं होतं, आणि आंधळ्याच्या हाती आरसा दिला असं लोकांनी म्हणायला नको. आईनं ती अट अशी पाळली, की आम्हा मुलांनाही सुगावा लागू दिला नाही. रोज दुपारी चारला ती दोऱ्यांच्या दुकानातून सुटायची आणि थेट जिन्याखाली जायची. नवीन माल आला असेल तर रंग बघून डब्यांत लावायची. आप्पा कामात हात पुढे करायचे आणि ती त्यावर हवा तो तुकडा ठेवायची. "चॉकलेटी, काळा, तांबडा," ती म्हणायची. "हं," ते म्हणायचे, आणि सोल्डरचा डाग द्यायचे. हळूहळू त्यांनी मोजणं सोडून दिलं. आईचा शब्द मीटरपेक्षा पक्का होता, आणि मीटरसारखी त्याची बॅटरी उतरत नव्हती.

मला वाटायचं, आई नवऱ्याला सोबत म्हणून जाते.

मी कॉलेजात असताना एकदा आप्पांना विचारलं होतं, एवढ्याशा तुकड्यावर तुम्ही तासन्‌तास कसला विचार करता? ते मोठ्या व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडसाठी रेझिस्टर निवडत होते. स्क्रीन ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हच्या आतली एक नाजूक तारेची जाळी. त्यांनी मला समजावलं ते असं:

"हे बघ, व्हॉल्व्ह म्हणजे एकत्र कुटुंब. ही बाहेरची प्लेट म्हणजे घरातला कर्ता. सगळा भार त्यानं उचलायचा. आणि ही जाळी म्हणजे मधली जाऊ. आवाज लहान असतो तोवर सगळं सुरळीत. पण गाणं चढलं, मोठा आवाज मागितला, की ऐन वेळी कर्ता वाकतो. मग सगळा भार कुणाच्या अंगावर? मधल्या जावेच्या. ती बिचारी तार केसाएवढी. तापते, लाल होते, आणि तक्रार न करता जळून जाते. म्हणून तिच्या दारात हा रेझिस्टर उभा करायचा. भाराला म्हणायचं, जरा दमानं."

"मग मोठ्यात मोठा लावून टाका."

"मग गाण्यातला जीव जातो. फार अडवलं तर आवाज मेणचट होतो, कमी अडवलं तर जाऊ मरते. शिवाय तो किती वॅटचा घ्यायचा तेही बघावं लागतं. नेहमीच्या कामात तापू नये एवढा दणकट, पण व्हॉल्व्ह आतून बिघडला तर आधी यानं जळून मागचा ट्रान्सफॉर्मर वाचवायचा, एवढा हलका. वेळेला जळणारा माणूस शोधणं सोपं आहे का?"

आई डबे पुसत होती. ती म्हणाली, "सोपं आहे की. लग्न करा."

आप्पा इतके हसले की डोकं जिन्याला लागलं.

गावातल्या संगीतशाळेच्या सभागृहातला अँप्लिफायर आप्पांनी स्वतः बांधला होता. दुरुस्त्या त्यांनी हजारो केल्या, पण पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या डागापर्यंत आपला म्हणावा असा तो एकच. मी तेव्हा सातवीत होते. दोन मोठे व्हॉल्व्ह, राखाडी पत्र्याची पेटी. त्यातून माणसाचा आवाज असा यायचा, की गाणारा आपल्या शेजारीच बसलाय असं वाटावं. बावीस वर्षं तो चालला. दरवर्षी एकदा आप्पा तो दुकानात आणून तपासायचे. शेवटची चाचणी नेहमी सारखीच. दुकानाचं शटर निम्मं ओढून अंधार करायचा, यंत्र पूर्ण जोरात चालवायचं, आणि आई व्हॉल्व्हच्या काचेला नाक लावून बघायची.

"आत तांबडं दिसतंय का कुठे?"

"नाही."

जाळीवर येणारी ती गडद तांबडी झाक हाच धोक्याचा पहिला इशारा. आप्पांच्या डोळ्यांना ती झाक म्हणजे अंधारच.

त्या वर्षी दोन्ही रेझिस्टर जुने झाले म्हणून आप्पांनी बदलायचे ठरवले. आईची दोऱ्यांच्या दुकानातली नोकरी संपून दोन वर्षं झाली होती, पण चारची वेळ तिनं सोडली नव्हती. आप्पांनी हात पुढे केला. आईनं डब्यातून दोन तुकडे काढून ठेवले. "चॉकलेटी, काळा, तांबडा." त्यांनी बसवले. अंधार केला, यंत्र चालवलं.

"तांबडं आहे का कुठे?"

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान दिसतंय हो."

"नाही" ऐवजी "छान दिसतंय" हे उत्तर वेगळं होतं, हे आप्पांना नंतर, फार नंतर आठवलं.

आठ दिवसांनी संगीतशाळेत कार्यक्रम होता. पन्नास वर्षं तिथे शिकवलेल्या गाणाऱ्या बाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शेवटचं गाणार होत्या. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता, समोरच्या चार रांगांपुरताच. म्हणून व्यवस्थापकांनी यंत्र चांगलं चढवून ठेवलं होतं. संध्याकाळी सहाला सुरुवात झाली. आप्पा, आई आणि मी तिसऱ्या रांगेत होतो. सभागृह गच्च भरलेलं, बाईंचे केस पिकलेले विद्यार्थी मागे भिंतीला टेकून उभे.

पहिली वीस मिनिटं काय आवाज आला! बाईंचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आप्पा डोळे मिटून बसले होते. बाईंनी वरचा सूर लावला, आणि आवाज फाटला. मग एक घुमता घरघराट, मग जळक्याचा वास. व्यासपीठाच्या कडेनं करडा धूर वर येताना मी पाहिला. आप्पा खुर्च्या ओलांडत धावले आणि त्यांनी मेन स्विच ओढला. लोक दाराकडे पळाले. कुणाला काही इजा झाली नाही, पण बाई व्यासपीठावर तशाच बसून राहिल्या होत्या, तोंड अर्धवट उघडं, सूर तिथेच थांबलेला. दोघांनी धरून त्यांना बाहेरच्या बाकावर आणून बसवलं.

तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही. पुढच्याच महिन्यात बाई मुलाकडे दुसऱ्या गावी कायमच्या राहायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पेटी उघडली. एक व्हॉल्व्ह आतून वितळून चिकटलेला, ट्रान्सफॉर्मर काळाठिक्कर. एक रेझिस्टर कोळसा झालेला, दुसरा मात्र शाबूत होता. त्यांनी त्याला मीटर लावला. काटा शंभरावर थांबला. हजाराच्या जागी शंभर. जावेच्या दारात कुणी उभंच नव्हतं म्हणा ना.

त्यांनी हजाराचा डबा टेबलावर ओतला आणि एकेक तुकडा मोजायला घेतला. वीसेक वर्षांत त्यांनी असं मोजलं नव्हतं. चाळीसपैकी सतरा चुकीचे निघाले. मग शेजारचा डबा, मग त्याच्या शेजारचा. तळाशी असलेले जुने तुकडे सगळे बरोबर होते. चुका वरच्या थरात होत्या, गेल्या वर्षभरात लावलेल्या.

चारला आई आली. आप्पांनी एक तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

"अगं, हा कुठला?"

आईनं तो फिरवून बघितला. "चॉकलेटी," ती म्हणाली. "काळा. आणि हा... हा आपला तो. नेहमीचा."

"नेहमीचा म्हणजे?"

"अहो, तो हो. असं काय करता?" ती हसली. जिभेवर आलेला शब्द शोधताना माणूस हसतं तशी. "आठवला की सांगते."

चारशे रंगांची नावं पाठ असलेली बाई. आप्पांनी तो तुकडा परत घेतला आणि म्हणाले, "बरोबर. नेहमीचाच आहे."

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की चार दिवसांनी व्यवस्थापक माझ्या माहेरी आले. आई आत होती. व्यवस्थापक भला माणूस, पण समितीनं त्यांना पाठवलं होतं.

"बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं," ते म्हणाले. "माल खराब होता का? तसं असेल तर तसं लिहून द्या. दुकानदारावर ढकलू."

"माल चांगला होता," आप्पा म्हणाले. "मी चुकीचा रेझिस्टर बसवला."

"तुम्ही? विश्वास बसत नाही हो."

"नजर कमी झालीय. वय झालं."

व्यवस्थापक चहा अर्धा टाकून गेले. सभागृहात नवीन, बिनव्हॉल्व्हचं यंत्र आलं. गाव लहान नाही, पण या धंद्याचं गाव लहान असतं. महिनाभरात सगळीकडे झालं, म्हाताऱ्याला दिसेनासं झालंय. शौकीन लोकांनी आपापल्या पेट्या परत नेल्या. काहींनी नेताना आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, ते त्यांना जास्त लागलं.

मी एका रविवारी न कळवता दुकानात गेले. बाहेरूनच आवाज ऐकू आला.

"हा बघ बरं कुठला."

"निळा, निळा, काळा."

"बरोबर. आणि हा?"

"हा पण निळा."

"बरोबर."

आत डोकावले तर आप्पांच्या हातात चॉकलेटी-काळा-तांबडा होता. रंग मला इतक्या लांबूनही स्पष्ट दिसले. आई तुकडे घेऊन हाताला येईल त्या डब्यात टाकत होती. आप्पा तिची पाठ वळली की ते हळूच काढून मोजत होते.

आईला सायकलवाल्याच्या बायकोपाशी बसवून मी आप्पांना बाजूला घेतलं. "आप्पा, ती चुकतेय. तुम्हाला दिसत नाही का?"

"नाही," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

आणि मग जिन्याखाली वाकून उभ्या उभ्या त्यांनी मला ते ठिपक्यांचं पुस्तक, दोऱ्यांचं दुकान, चारची वेळ, सगळं सांगितलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा ते कळत नव्हतं.

"मग तुम्ही व्यवस्थापकांना खरं का नाही सांगितलं? चूक तुमची नव्हती."

"डाग माझ्या हातचा आहे," आप्पा म्हणाले. "मोजायला दोन मिनिटं लागली असती. नाही मोजलं."

"पण आईनं..."

"तिनं काय? छत्तीस वर्षांत एकदा चुकली. माझ्या डोळ्यांनी मला चोवीस वर्षं फसवलं, त्यांना मी काही म्हणालो का? आणि हे तिच्या कानावर गेलं ना, तर ती चारला यायची बंद होईल."

डॉक्टरांनी तपासलं. मेंदूचा आजार, हळूहळू सगळं पुसत जाणारा. औषध नव्हतं. आप्पांनी विचारलं, "रंगच का आधी गेले?" डॉक्टर म्हणाले, "प्रत्येकाचं वेगळं असतं." आप्पांना ते उत्तर पटलं नाही. मी मागे लागून दोघांना आमच्याकडे राहायला बोलावलं. ते आले नाहीत.

पुढे चार वर्षं हे चाललं. कामं जवळजवळ थांबली होती. कुणाचा तरी रेडिओ, कुणाचा जुना रेकॉर्ड प्लेअर. पण चारला आप्पा आईचा हात धरून तिला जिन्याखाली आणायचे, डोकं सांभाळून बसवायचे आणि पुढ्यात रेझिस्टरचं ताट ठेवायचे. ती रंग सांगायची. पहिल्या वर्षी दहांतले सहा बरोबर यायचे, मग तीन. मग सगळंच निळं झालं. मग रंगांच्या जागी दुसरेच शब्द आले, खिडकी, बुधवार, लहान. आप्पा प्रत्येकाला "बरोबर" म्हणायचे. मी कधी गेले तर मलाही तसंच म्हणायची ताकीद होती.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ती आप्पांना ओळखेनाशी झाली. एका दुपारी मी तिथेच होते. आप्पांनी ताट पुढे केलं. आईनं ते सभ्यपणे परत सरकवलं.

"मला काही कळत नाही यातलं," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना विचारा. ते येतीलच एवढ्यात."

आप्पांनी ताट बाजूला ठेवलं. मग परक्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "हो का? चांगलं काम करतात का ते?"

"मग! लांबून लांबून लोक येतात."

"पण मी ऐकलंय, त्यांना म्हणे रंग कळत नाहीत."

मी आप्पांचा हात धरला. असं विचारू नये, असं मला वाटलं. आईच्या कपाळावर आठी पडली. किती तरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं होतं.

"कोण म्हणतं?" ती म्हणाली. "खोटं आहे. त्यांना सगळे कळतात."

आप्पा उठले आणि दुकानाबाहेर जाऊन सायकलवाल्याच्या फळीवर बसले. सायकलवाल्यानं पान्याचं काम थांबवलं आणि ग्लासात पाणी ओतून त्यांच्या हातात दिलं. मी आत आईजवळ थांबले. ती माझ्याकडे वळून, झालं ते मिटवून टाकावं तशी म्हणाली, "लोक काहीही बोलतात."

त्यानंतर वर्षभरानं आई गेली. सकाळी, घरी, झोपेतच. शेवटचे काही महिने तिला बोलता येत नव्हतं.

आप्पांनी सहा महिने दुकान नुसतंच उघडून बंद केलं. मग जागा सोडायचं ठरवलं. डबे, व्हॉल्व्ह, हत्यारं घ्यायला शेजारच्या गावातला एक मेकॅनिक आला. चाळिशीचा असेल, आडवा, गप्प माणूस. बरोबर टेम्पो आणला होता. मी मदतीला गेले होते.

डबे उतरवता उतरवता त्यानं विचारलं, "स्क्रीनला तुम्ही हजारच लावायचे का? मी चारशे सत्तर लावतो. आवाज मोकळा येतो."

आप्पांना किती दिवसांनी कुणी असलं काही विचारलं होतं. ते स्टुलावर बसले आणि अर्धा तास बोलले. कुठल्या व्होल्टेजला काय, जुन्या व्हॉल्व्हला काय, नव्यांची जाळी कशी हलकी असते, वॅट का जपून निवडायचे. मेकॅनिक मान हलवत ऐकत होता. मधेच त्यानं डब्यातून एक तुकडा काढून उजेडात धरला.

"डबे मिसळलेत वाटतं. ही शेवटची पट्टी तांबडी आहे की चॉकलेटी? घासली गेलीय. तुम्ही बघा बरं."

त्यानं तो तुकडा आप्पांच्या पुढे केला. मी हात पुढे करणार, एवढ्यात आप्पा म्हणाले, "मला नका विचारू. मला रंग कळत नाहीत. जन्मापासूनच नाहीत."

जिन्यावरून कुणीतरी खाली उतरत होतं. त्या पावलांचा आवाज आमच्या डोक्यावरून गेला. मी मेकॅनिककडे बघत राहिले.

"असं का?" तो म्हणाला. "माझ्या चुलत्याचंही तसंच आहे. तो तर इलेक्ट्रिशियन आहे." आणि त्यानं टेबलावरचा मीटर ओढून तुकड्याला लावला. "शंभर," असं म्हणून बाजूला ठेवला, आणि पुढचा डबा उचलला.

टेम्पो गेल्यावर आम्ही शटर ओढलं, किल्ली घरमालकाला दिली आणि घराकडे चालू लागलो. चौक ओलांडताना मी त्यांचा दंड धरला. पलीकडे पोचल्यावर ते थांबले.

"एवढंच म्हणाला गं तो," ते म्हणाले. "असं का. एवढंच."

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी तेच पुन्हा एकदा म्हटलं, या वेळी माझ्याशी नाही.